सी-105 ची नोटीस: ‘आले’ की ‘आल्या’?

बी-204 (सचिव): नोटिशीचा मसुदा बघून घ्या, संध्याकाळी फळ्यावर लावतो. ‘सी-105 चे नवे मालक श्री. किरण शहरात आले आहेत. ते रविवारी सामान आणतील, म्हणून लिफ्ट सकाळी 10 ते 1 त्यांच्यासाठी राहील.’ भेट कोणाचीच झालेली नाही. कालपासून ग्रुपवर निम्मे ‘किरण साहेब’ लिहितात, निम्मे ‘किरण मॅडम’. काय ठेवू?

डी-103: मॅडमच आहेत ना भाऊ. एजंटनं त्यांचा मेसेज फॉरवर्ड केला होता, ‘मी चावी वॉचमनकडे दिली’. दिली!

ए-402: थांब बापा. ‘दिली’ हे चावीचं लिंग आहे, देणाऱ्याचं नाही. सकर्मक क्रियापद भूतकाळात कर्माप्रमाणे चालतं. तू दिलीस तरी चावी ‘दिली’च, कुलूप असतं तर ‘दिलं’. हिंदीतही तेच, ‘मैंने चाबी दे दी’. त्यावरून माणूस ओळखता येत नाही.

डी-103: आणि ‘मी उद्या येते’ असं लिहिलं असतं तर?

ए-402: तर बोलणाऱ्यानं स्वतःच सांगितलं असं समजायचं, आणि आपणही तसंच लिहायचं. पण जपून. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो’ म्हणतात. बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही, त्यामुळे बंगाली माणसाच्या हिंदी-मराठीत ‘आला-आली’ची अदलाबदल होते. एका शब्दावर पैज लावू नये.

सी-301: मग सरळ ‘ते आलं’ लिहा, नपुंसकलिंग आहे ना मराठीत. भांडणच मिटलं.

ए-402: नाही काकू, ते सगळ्यात वाईट. ‘ते आलं’ लेकराला शोभतं, मोठ्या माणसाला म्हटलं की हिणवल्यासारखं होतं. तृतीयपंथी व्यक्तींना तर मुद्दाम टोचायला हे वापरतात. शिवाय लेखी मराठीत ‘आलं’चं ‘आले’ होतं, म्हणजे आदरार्थी पुल्लिंगी ‘ते आले’ आणि हे अगदी सारखं दिसतं. हेतू चांगला असला तरी वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

ए-101: आमच्या तेलुगूत ‘गारू’ कोणालाही लावा, पुरुष की बाई प्रश्नच नाही. आदरानं ‘वारु’ म्हटलं तरी तेच. तमिळमध्ये ‘अवर’. हिंदीत सर्वनाम ‘वह’ एकच, पण क्रियापद चुगली करतं. फिनिश, तुर्की, फारसीत तर तो-ती हा भेदच नाही. इंग्रजीवाले एका माणसालाही ‘दे’ (they) म्हणतात, चौदाव्या शतकापासूनची वहिवाट आहे. 2019 मध्ये मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन शब्दकोशानं तोच शब्द वर्षाचा शब्द ठरवला. मराठीत नाही का असा एक शब्द?

ए-402: एक शब्द नाही, कारण आपल्याकडे लिंग फक्त सर्वनामात नसतं, क्रियापद, विशेषण, अगदी ‘चा-ची-चे’मध्येही बसलेलं असतं. इंग्रजीसारखं नुसतं सर्वनाम बदलून भागत नाही. पण आदरार्थी बहुवचनानं बरंच काम होतं. ‘ते’ आणि ‘त्या’ वेगळे. ‘त्यांनी, त्यांना, त्यांचं’ सगळ्यांना सारखं. ‘राहतात, येतील, येणार आहेत, येत आहेत’ यांतही लिंग दिसत नाही, सर्वनाम गाळलं की झालं. समोर बोलताना ‘तू आलास-आलीस’मध्ये फरक पडतो, ‘तुम्ही आलात’मध्ये नाही.

अडतं ते अकर्मक भूतकाळात: आले-आल्या, गेले-गेल्या, पोचले-पोचल्या. तिथं वाक्य फिरवायचं. ‘ते पोचले’ऐवजी ‘त्यांचं सामान पोचलं’. ‘म्हणाले-म्हणाल्या’ टाळायचं असेल तर ‘त्यांनी सांगितलं’. सांगणं ‘नी’ घेतं, म्हणणं घेत नाही. ‘विसरले’चीही तीच गत, म्हणून ‘त्यांच्याकडून राहून गेलं’.

डी-103: काऊन इतकी कसरत? विचारून टाका ना सरळ.

ए-402: विचारायचंच आहे, फक्त ग्रुपवर नाही. भाऊ, खासगीत एक ओळ पाठवा: ‘नोटिशीत आपलं नाव कसं लिहू?’ ‘तुम्ही पुरुष की स्त्री?’ असं नको. जे उत्तर येईल तेच वापरायचं, त्यावर चर्चा नाही. सुप्रीम कोर्टानं 15 एप्रिल 2014 च्या, तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांबद्दलच्या ‘नालसा’ निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला आहे. ते ठरवायला सोसायटीची सर्वसाधारण सभा लागत नाही. आणि कळल्यावर उगाच गोलमाल भाषा चालू ठेवायची नाही. ‘मी ती आहे’ असं सांगणाऱ्या व्यक्तीला मुद्दाम ‘फ्लॅटधारक, फ्लॅटधारक’ म्हणत राहणं हाही अपमानच.

ए-101: काल ज्यांनी ‘साहेब’ लिहिलं त्यांचं काय?

ए-402: व्हॉट्सॲपवर मेसेज 15 मिनिटांत दुरुस्त करता येतो, ती वेळ गेली. डिलीट करू नका, ‘हा मेसेज डिलीट केला’ हे जास्त डोळ्यात येतं. खात्री झाली की पुढच्या मेसेजमध्ये बरोबर लिहायचं. फार तर ‘काल चुकलं, माफ करा’. चार ओळींची माफी मागितली की समोरच्यालाच ‘अहो काही नाही’ म्हणत समजूत काढावी लागते.

सी-301: हाक काय मारायची पण? ‘साहेब’ नको, ‘मॅडम’ नको.

बी-204 (सचिव): ‘जी’ आहे की काकू, आपल्याकडे दिवसभर ‘हो जी, काय जी’ चालूच असतं. खासगीत विचारलं आहे, अजून निळी टिक नाही. तोवर ही नोटीस लावतो. श्री., श्रीमती, सौ., कु. सगळं काढलं. ‘मालक’ काढलं, मालकीण निघाल्या तर पंचाईत.

‘सी-105 चे नवे फ्लॅटधारक किरण जी रविवारी सामान आणणार आहेत. सकाळी 10 ते 1 लिफ्ट त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे. अडचण असल्यास त्यांना किंवा सचिवांना कळवावे.’

ए-402: ‘नवे’चं ‘नवीन’ करा. नवे-नव्या बदलतं, नवीन बदलत नाही.

सी-301: आणि ‘सी-105 चे’? बाई असती तर ‘च्या’ आलं असतं की. ‘मधले’ही चालणार नाही, ‘मधल्या’ होतं.

ए-402: वा काकू, हे माझ्याही नजरेतून सुटलं. ‘सी-105 मधील’ लिहा भाऊ.

बी-204 (सचिव): केलं. प्रिंट काढतो आहे, आता कोणी काही शोधू नका.