'फॉरेन की'ला मराठीत काय म्हणायचं?

हंबीर_वाईकर: कॉलेजच्या पोरांसाठी मायएसक्यूएल या डेटाबेसची पुस्तिका मराठीत करतोय. फॉरेन की म्हणजे एखादी नोंद 'पालक' टेबलातल्या नोंदीशी जोडणारा रकाना. 'एरर १४५२'वर गाडी अडलीय. 'परकीय कळीचे बंधन मोडले' असं लिहिलं, तर एकाने विचारलं, "सर, सर्व्हर परदेशात आहे का?" दुसरा शब्द सुचवा.

बोरूबहाद्दर: 'कळ' नकोच. पोटात येते ती कळ, काढतात तीही कळ. 'बाह्य किल्ली' म्हणा.

मुळाक्षर: मग कळफलकाचं काय करायचं, किल्लीफलक? आपला शब्द रुळलेला असताना कशाला बदलायचा?

पणजीकर: 'चावी' घ्या. शब्दच पोर्तुगीज, त्यामुळे परकीय आहेच!

जुना_डीबीए: 'परकीय', 'बाह्य' दोन्ही फसतात. रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडने १९७० च्या लेखात फॉरेन कीची व्याख्या केली, तेव्हाच दोन्ही टेबलं एकच असू शकतात हे मान्य केलं होतं. कर्मचाऱ्यांच्या टेबलात 'साहेबाचा क्रमांक' हा रकाना त्याच टेबलाकडे बोट दाखवतो. त्यात परकं कोण? आम्ही आपलं 'एफके (फॉरेन की) बोंबलतेय' म्हणतो आणि कामाला लागतो.

मुळाक्षर: 'बोंबलतेय' छापणार का पुस्तिकेत?

रांगोळी: सातबाऱ्यावरचा खाते क्रमांक आठ-अ ला जोडलेला असतो, तसंच हे. 'जोडकळ' म्हणा. पण हंबीरराव, एरर येते कशाने? पालक नोंदच नसते का?

हंबीर_वाईकर: गंमत तीच आहे ताई. नोंद डोळ्यांसमोर आहे, तरी १४५२.

जुना_डीबीए: पालक टेबलाचं नाव बदलून त्या जागी नवं टेबल उभं केलंय का? तसं असेल तर एफके जुन्या टेबलामागे गेलीय. तुम्ही बघताय नवं, ती तपासतेय जुनं. 'शो क्रिएट टेबल' चालवा आणि 'रेफरन्सेस'पुढचं नाव वाचा. तेवढ्याने उलगडलं नाही तर 'शो इंजिन इनोडीबी स्टेटस'मध्ये शेवटची फॉरेन की एरर सविस्तर मिळते. आणि 'फॉरेन की चेक्स' शून्य करून, म्हणजे तपासणी बंद करून, घाईत डेटा घुसवू नका. पुन्हा एक केलं तरी आधी घुसलेल्या ओळी तपासल्या जात नाहीत. त्या अनाथ ओळी तशाच पडून राहतात, आणि पुढे कधी एफके नव्याने लावायला गेलात की हीच १४५२.

हंबीर_वाईकर: सापडलं! 'रेफरन्सेस'पुढे 'विद्यार्थी_जुने' आहे. आभार. पण शब्दाचं काय?

बोरूबहाद्दर: 'अनाथ ओळी' मात्र झकास. पालक, अपत्य, अनाथ, सगळं घरचंच. मग 'दत्तक कळ' का नको?

मुळाक्षर: आता तुम्हीच 'कळ' म्हणालात!

बोरूबहाद्दर: ओघात आलं. किल्ली 'कील'वरून, म्हणजे खुंटीवरून आली असावी. खुंटीला अडकवलेली नोंद, अर्थ चपखल बसतो.

रांगोळी: आणि कन्स्ट्रेंटला 'बंधन' ठेवायचं की 'निर्बंध'?

पणजीकर: 'निर्बंध' नको हो, लॉकडाऊन आठवतो.

मुळाक्षर: शब्दाने काय घोडं मारलंय? लॉकडाऊनच्या आधीही होताच की तो!