दुसरं अग्निशमन केंद्र १४ एप्रिलला सुरू करायचंय, आणि आमचे मामा माझ्याशी 'हो साहेब'च्या पुढे बोलत नाहीत

गाठी_आणि_गाडी:

नगर परिषदेत सब ऑफिसर आहे. वय २९, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून कोर्स करून आलो. गाव कापसाच्या जिनिंगचं, म्हणजे सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांचं. एक केंद्र, दोन गाड्या, त्यातली एक बऱ्याचदा दुरुस्तीला. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला नवीन केंद्र मंजूर झालंय आणि इमारत, गाडी, पाणी सगळ्याचा 'समन्वयक' म्हणून माझ्या नावाचा आदेश निघालाय. मुख्याधिकाऱ्यांना लोकार्पण १४ एप्रिललाच हवंय, अग्निशमन सेवा दिन म्हणून. पत्रिकेचा मजकूरही तयार आहे.

इमारतीला रंग लागला, शटर बसलं. गाडीची चासी बॉडी बांधायला दिलीय, ती तिथे चार महिने उघड्यावर उभी. पाण्याला एक इंची नळ. परवा २० लिटरची बादली लावून बघितली, अर्धं मिनिट लागलं. म्हणजे ४५०० लिटरची टाकी भरायला जवळपास दोन तास. होजची एक लाइन तेवढं पाणी दहा मिनिटांत ओतते.

दुसरं दुखणं मामांचं. लीडिंग फायरमन, २४ वर्षं नोकरी. दिवाळीनंतर एका जिनिंगला आग लागल्याची वर्दी आली. मामा म्हणाले, "साहेब, वरून मारून उपयोग नाही. मागचे पत्रे उघडा, जेसीबीने गाठी ओढा." बघ्यांची गर्दी होती, मालक शेजारी उभा. मी म्हणालो, "ऑर्डर मी देतो." दोन्ही गाड्या रिकाम्या केल्या, पाणी गाठींवरून ओघळून गेलं, आत धुमसत राहिलं. रात्री दीडला जेसीबीच बोलावला. तेव्हापासून मामांचं 'हो साहेब' सुरू आहे.

तारखेचं काय करू? आणि मामांचं?

शिडी_उतरलेला:

३१ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. वयाने मोठा म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

१४ एप्रिल कशासाठी हे तुला कोर्समध्ये घोकून घेतलं असेल, पण तुझ्या जिनिंगशी त्याचं नातं बघ. १९४४ साली मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाज पेटलं. त्यात कापसाच्या ८,७०० गाठी होत्या आणि त्यांच्या जोडीला सुमारे १,४०० टन स्फोटकं. दुपारी धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. मधल्या वेळात धक्क्यावर अधिकाऱ्यांचा तुटवडा नव्हता. कप्तान होता, लष्कराचे होते, गोदीचे होते, आपले अग्निशमनवाले होते. जहाज जागीच बुडवायचं की ओढून बाहेर न्यायचं, हे एकाच्या तोंडून काही निघालं नाही. पाणी मारणं चालू राहिलं. आपले ६६ जण गेले.

त्यामुळे आगीवर हुकूम एकाचाच, हे तुझं बरोबर. फक्त तो देण्याआधी मामाचं अर्धं मिनिट ऐकायला हवं होतंस. कापसाची आग गाठीच्या पोटात शिरते, हे पुस्तकातही आहे आणि मामाच्या हातातही.

त्याला केबिनमध्ये बोलावू नकोस. आपल्या खात्यात केबिनमध्ये बोलावणं म्हणजे मेमो. होज धुवून वाळत घालतात तेव्हा जा, एक टोक धर, आणि जे गर्दीसमोर बोललास ते सगळ्या पाळीसमोर परत घे. मग नवीन शेडवर ने. हातात टेप त्याच्या, वही तुझ्या.

खाकी_निळी:

असहमत. पाळीसमोर माफी मागितलीत की उद्या प्रत्येक वर्दीवर चर्चासत्र भरेल.

शिडी_उतरलेला:

वर्दीवर नाही भरत. ज्याचं आधी ऐकलेलं असतं तो तिथे गप्प राहतो.

चालक_रात्रपाळी:

साहेब, शटर मोजलंत का? ड्रॉइंगवर १२ फूट असतं, पण गुंडाळलेल्या शटरची पेटी तोंडातच लोंबते, उरतात साडेदहा. गाडी टपावरच्या शिडीसकट मोजा, आणि टाकी रिकामी असताना मोजा. स्प्रिंग उठलेले असतात, तेव्हा गाडी सगळ्यात उंच. आमच्याकडे शिडी उतरवून गाडी आत घेतात. वर्दी आली की आधी शिडी चढवा, मग निघा. लोक बघतात आणि हसतात.

शेडमध्ये हवेची लाइन आणि बॅटरीला चार्जर मागून घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या ब्रेकची हवा उतरते, ती भरेपर्यंत ब्रेक सुटत नाहीत, सायरन वाजतोय आणि गाडी जागेवर. समोर पेव्हर ब्लॉक टाकत असतील तर आत्ताच ओरडा. भरलेली गाडी १५-१६ टनांची, पहिल्या पावसात चाकं रुततील.

जावक_क्रमांक:

पत्र द्या, आणि जावक क्रमांक टाकूनच द्या. 'शक्य नाही' हा शब्द त्यात नको. काय बाकी आहे, कुणाकडे आहे, कधी हवंय, एवढंच. लोकार्पण इमारतीचं होऊ दे, फीत कापू दे. 'केंद्र कार्यान्वित' हा शब्द मात्र भरणी लाइन, पंपाची चाचणी आणि तीन पाळ्या झाल्याशिवाय कुठल्याही कागदावर येऊ देऊ नका. नाहीतर १५ तारखेला आग लागली की पहिला प्रश्न तुम्हाला.

बॉडीवाल्याकडे टाकी बसल्यावर एकदा आणि पंप जोडल्यावर एकदा जाऊन या, रंगाच्या आधी. रंगाखालचं वेल्डिंग नंतर कुणाला दिसत नाही.

आणि माणसांबद्दल तुम्ही अवाक्षर लिहिलेलं नाही. सहा जणांची पाळी धरा. तीन पाळ्या, साप्ताहिक सुट्टी, रजा मिळून २४ माणसं लागतात. ती मंजूर आहेत, की जुनं केंद्र फोडून नेणार?

गाठी_आणि_गाडी:

फोडूनच नेणार होतो. लिहायची लाज वाटली. पत्रात टाकलं, मुख्याधिकारी वाचून बराच वेळ गप्प होते. पत्रिकेवर आता 'इमारतीचे लोकार्पण' आहे.

होजचं टोक धरलं. बोलताना घसा कोरडा पडला. मामा म्हणाले, "हो साहेब." पण रविवारी शेडवर आले. शटरखाली टेप धरली, दहा फूट सात इंच. बॉडीवाल्याचा आराखडा मी आधीच काढून ठेवला होता, शिडीसकट दहा फूट दहा. मामांनी टेपवर अंगठा तसाच दाबून ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. मग स्वतःहून म्हणाले, पाण्याची टाकी मागे नको, रस्त्याच्या कडेला हवी, म्हणजे जुन्या केंद्राची गाडीसुद्धा जाता जाता भरून जाईल. वहीची दोन पानं झाली.

आता ही पेटी बाहेरच्या बाजूला घेता येते, का शटर काढून सरळ लोखंडी दारं लावू? कुणी केलंय?

चालक_रात्रपाळी:

दारं. बाहेर उघडणारी सांगा ठेकेदाराला. आमच्या जुन्या केंद्राला आत उघडणारी लावली होती.