शब्दचर्चा : ‘आर्सेनल’ म्हणजे शस्त्रागारच का?

परभणीकर : पोला (आताचं पुला, क्रोएशिया) इथल्या ऑस्ट्रियन ‘आर्सेनल’ला एका लेखात ‘शस्त्रागार’ म्हणलंय. पायाभरणी १८५६ ची, अन् १८५८ ला ‘कायझर’ ही युद्धनौका तिथंच पाण्यात उतरली. शस्त्रागारातून जहाज कसं निघंल?

अंबडवाले : शस्त्रागार चुकलंच. त्याला आपला जुना शब्द शिलेखाना. आर्सेनल मूळ अरबी : ‘दार अस्-सिनाआ’, म्हणजे वस्तू घडवायचं घर. व्हेनिसवाल्यांनी त्याचं ‘आर्सेनाले’ केलं. बंदरातल्या आतल्या गोदीला इटालियनात ‘दार्सेना’ म्हणतात, तेही ह्याच मुळाचं. निजामी उर्दूत उद्योगाला ‘सनअत’ म्हणायचे, शब्दाचं मूळ तेच. हैदराबादच्या दारुश्शिफातलं (जुना दवाखाना) ‘दार’ म्हणजे घर, तेही हेच, आपल्या दाराचा त्याच्याशी संबंध नाही.

नांदेडहून : मग सरळ ‘गोदी’ लिहा की.

अंबडवाले : गोदी हा त्यातला एक भाग. दोरखंड, शिडं, लोहारकाम, डागडुजी हे सगळं मिळून आर्सेनल. सुकी गोदी म्हणजे दार असलेला खोल हौद. पाणी भरायचं, जहाज आत ओढायचं, दार लावून पाणी उपसायचं. मुंबईला मोठी भरती-ओहोटी, तिथं बरंचसं पाणी ओहोटीच काढून नेते. पोलाच्या एड्रियाटिक समुद्राला ती जेमतेम, म्हणून सगळी मदार पंपांवर. जहाजाचा कणा तळातल्या लाकडी ठोकळ्यांवर नेमका बसावा लागतो. जहाज नाळेकडून (पुढच्या टोकाकडून) किंवा मागून जास्त बुडालेलं असलं, तर आधी टेकलेल्या टोकाच्या ठोकळ्यावरच भार येतो. ठोकळा चेंगरतो, नाहीतर जहाज कलतं. पाणी उतरंल तसे बाजूनं टेकू द्यायचे ते ह्याचसाठी. एकदम उपसा केला की घात.

परभणीकर : म्हणजे ‘आरमारी कारखाना’?

अंबडवाले : ऑस्ट्रियाच्या काळापुरता तोच नेमका. पण पुढं गाव हातोहात फिरलं : पहिल्या महायुद्धानंतर इटली, १९४७ च्या तहानं युगोस्लाव्हिया, १९९१ पासून क्रोएशिया. युगोस्लाव्ह काळात तिथंच ‘उल्यानिक’ हा कारखाना व्यापारी जहाजं बांधायला लागला. २०१९ ला त्याचं दिवाळं निघालं. क्रोएशियन शब्द ‘ब्रोदोग्रादिलिश्ते’ : ब्रोद म्हणजे जहाज, पुढचा भाग बांधायच्या जागेचा. त्याला ‘आरमारी’ लावू नका, ‘जहाजबांधणी कारखाना’ म्हणा.

नांदेडहून : ‘जहाज गोदीत घेतलं’ लिहिलं तर आमच्याकडं मांडीवर घेतलं असंच वाचतील!

अंबडवाले : ‘सुक्या गोदीत’ लिहा. सुक्या मांडीवर कुणी घेत नसतंय.