मदत हवी आहे: क्रूझरवेटचे आजवरचे सर्वोत्तम दहा बॉक्सर कोणते? भिंतीवर रंगवायचे आहेत

सातपुडा_पायथा

नमस्कार मंडळी.

यावल तालुक्यात आमच्या गावी पत्र्याच्या शेडमध्ये छोटा बॉक्सिंग हॉल चालतो. आधी तिथे तालीम होती, लाल मातीचा हौद अजून एका कोपऱ्यात आहे. संध्याकाळी मी पोरांना शिकवतो. पूर्वेकडच्या भिंतीला यंदा गिलावा झाला आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत तिच्यावर दहा बॉक्सर रंगवून घ्यायचे ठरलं. पेंटर गावातलाच आहे, ऑइलपेंटने काढणार. एकदा काढलं की पाच-सात वर्षं तेच चेहरे पोरांच्या समोर राहणार, म्हणून नावं घाईत द्यायची नाहीत.

अली आणि टायसन सगळीकडेच असतात. मला क्रूझरवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या लगेच खालच्या वजनगटातले हवे आहेत, आणि त्याला कारण आमचा एक मुलगा. वय १९, वजन ८८ किलो, दिवसा केळीचे घड ट्रकमध्ये भरायला जातो. आधी कुस्ती खेळायचा. महाराष्ट्र केसरीच्या गटात ८६ किलोच्या वरचे सगळे एकत्र, त्यामुळे याच्यासमोर एकशे दहा, एकशे वीस किलोचा गडी यायचा. डाव चांगले असूनही नुसत्या भाराखाली दबायचा. शेवटी हौद सोडून ग्लोव्हज घातले. मागच्या आठवड्यात बॅगवर मारता मारता थांबला आणि म्हणाला, "सर, या वजनातले चांगले लोक शेवटी हेवीवेटलाच गेले ना? मग आपला गट म्हणजे वाटेतला थांबाच ना?" मला पटकन उत्तर देता आलं नाही, आणि ते मला लागून राहिलं आहे.

माझी कच्ची यादी अशी आहे: होलिफिल्ड, उसिक, डेव्हिड हे, कावी, जॉनी नेल्सन, मोरमेक, जेम्स टोनी, मार्को हुक, आदामेक, जिरोव. क्रम लावताना तीन ठिकाणी अडलो आहे.

पहिलं, होलिफिल्ड वर की उसिक? दोघांनीही हा गट एकही लढत न हरता सोडला. होलिफिल्ड १८ पैकी १८, उसिक १६ पैकी १६.

दुसरं, हेवीवेटमध्ये पुढे जे केलं ते इथे धरायचं का?

तिसरं, टोनीसारखा माणूस या गटात एकच मोठी लढत जिंकून गेला. त्याला जागा द्यायची की वर्षानुवर्षं जगज्जेतेपदाचा पट्टा राखणाऱ्याला?

पोरं मला विचारणार की हा वर का आणि तो खाली का. त्यामुळे कारणासकट सांगा.

भुसावळ_लोको

दादा, पहिलं हेवीवेटचं मोजमाप बाजूला ठेवा. तुमचा निम्मा गोंधळ तिथेच आहे.

हा गट तुमच्या पोराच्याच अडचणीतून निघाला. रॉकी मार्सियानो हेवीवेटचा जगज्जेता होता, पण त्याचं वजन ८४-८५ किलोच्या आसपास. सत्तरच्या दशकापर्यंत हेवीवेट इतके थोराड झाले की ८५ किलोच्या माणसाला न्याय राहिला नाही. म्हणून डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेने हा गट सुरू केला. (अशा प्रत्येक संघटनेचा पट्टा वेगळा असतो.) पहिली लढत ८ डिसेंबर १९७९ ला स्प्लिटमध्ये मार्विन कॅमल आणि माते पार्लोव्ह यांच्यात झाली आणि बरोबरीत सुटली. मार्च १९८० मध्ये दोघे परत भिडले, तेव्हा कॅमल पहिला जगज्जेता झाला. सर्वोत्तम दहात तो बसणार नाही, पण गोष्ट सांगताना त्याचं नाव घ्या.

तेव्हा मर्यादा १९० पौंड होती, म्हणजे ८६.२ किलो. २००३ मध्ये ती २०० पौंड झाली, म्हणजे ९०.७ किलो. तुमचा मुलगा होलिफिल्डच्या काळात असता तर त्याला दोन किलो उतरवावे लागले असते. आज तो न उतरवता बसतो.

आणखी एक, कारण पोरं इथे हमखास गोंधळतात. हौशी बॉक्सिंगमध्ये नावं वेगळी आहेत. उसिकने २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकला सुवर्ण घेतलं ते 'हेवीवेट'चं, पण तो गट ९१ किलोपर्यंतचा, म्हणजे व्यावसायिकांतला क्रूझरवेटच. आपला संजीत २०२१ च्या आशियाई स्पर्धेत दुबईला ९१ किलोत सुवर्ण जिंकला आणि अंतिम फेरीत त्याने ऑलिम्पिक रौप्यवाल्या वासिली लेव्हितला हरवलं. भिंतीच्या कोपऱ्यात त्यालाही जागा द्या. तुमच्या मुलाच्या वजनाचा माणूस याच देशात आहे, हे त्याला दिसलं पाहिजे.

तालमीतला_भाऊ

भाऊ, तुना प्रश्न भारी शे! मी शिरपूरकडचा, मूळचा कुस्तीचा माणूस, तेव्हा कुस्तीवाल्याच्या नजरेने सांगतो.

उसिक एक नंबर. होलिफिल्ड दोन.

आपल्याकडे यात्रेच्या दंगलीत परगावचा पैलवान आला तर माती त्यांची, माणसं त्यांची, पंचही त्यांचेच. तिथे जिंकायचं तर कुणाला बोट दाखवता येणार नाही असंच जिंकावं लागतं. उसिकने जवळजवळ सगळ्या मोठ्या लढती अशाच मारल्या. सप्टेंबर २०१६ मध्ये पोलंडच्या ग्वोवात्स्कीला पोलंडमध्येच, ग्दान्स्कला हरवून पहिला पट्टा घेतला. ही त्याची फक्त दहावी व्यावसायिक लढत. त्याआधी या गटात सगळ्यात कमी लढतींत जगज्जेता होण्याचा मान होलिफिल्डचा होता, बाराव्या लढतीत. मग जर्मनीच्या हुकला बर्लिनमध्ये दहाव्या राऊंडला थांबवलं. जानेवारी २०१८ मध्ये लाटव्हियाच्या ब्रिएदिसला त्याच्याच रीगा शहरात. ती सगळ्यात चुरशीची होती: एका पंचाने ११४-११४ बरोबरी दिली, बाकी दोघांनी ११५-११३ उसिकच्या बाजूने. जुलैत गासिएवला मॉस्कोत, आणि तिथे एका पंचाने बाराच्या बारा राऊंड उसिकला दिले. युक्रेनचा माणूस, मॉस्कोचं स्टेडियम, समोर रशियाचा अजिंक्य खेळाडू! चारही संघटनांचे पट्टे त्याच रात्री एकत्र आले. नोव्हेंबरमध्ये मँचेस्टरला टोनी बेल्यूला आठव्या राऊंडला पाडलं आणि मग हा गट सोडला.

एवढ्या परक्या मातीवरच्या कुस्त्या एका माणसाने सलग मारलेल्या मी तरी पाहिल्या नाहीत.

धुळेकर_ताई

मी होलिफिल्डच्या बाजूने. वरच्या भाऊंचा मुद्दा पटतो, तरीही.

१२ जुलै १९८६, अटलांटा. बाराव्याच लढतीत होलिफिल्डसमोर ड्वाइट मुहम्मद कावी. हा कावी तुरुंगात बॉक्सिंग शिकला, लाइट हेवीवेटचा जगज्जेता झाला, मग वजन वाढवून इथे आला आणि लिऑन स्पिंक्सला, म्हणजे एकेकाळी अलीला हरवलेल्या माणसाला, सहा राऊंडमध्ये संपवून उभा. बुटका, पण अंगावर धावून येणारा. आणि लढत पंधरा राऊंडची. उसिकला कधी पंधरा राऊंड खेळावे लागले नाहीत, कारण त्याच्या काळात बाराचीच पद्धत होती. होलिफिल्ड त्या रात्री पंचांच्या दोन विरुद्ध एक अशा निकालाने जिंकला आणि अंगातलं पाणी इतकं गेलं की थेट इस्पितळात न्यावं लागलं. ती लढत पोरांना अख्खी दाखवा. मधल्या राऊंडमध्ये दोघांपैकी कोणीही मागे सरत नाही. पुढच्या वर्षी त्याच कावीला त्याने चौथ्या राऊंडला पाडलं. रिकी पार्कीचा पट्टा घेतला, मग एप्रिल १९८८ मध्ये कार्लोस दे लिओनला आठव्या राऊंडला थांबवून तिन्ही पट्टे एकत्र केले. चौथी संघटना तेव्हा या गटात नव्हतीच, त्यामुळे तीन आणि चारची तुलना नको.

कावीला मात्र पहिल्या चारात ठेवा. हरला म्हणून खाली ढकलू नका. समोर असा माणूस नसता तर होलिफिल्ड केवढा आहे हे कुणाला कळलं असतं?

आणि जेम्स टोनीला काढा. २००३ मध्ये जिरोवला त्याने सुंदर हरवलं, यात वाद नाही, पण पाहुणा म्हणून आला आणि लगेच वरच्या गटात गेला. पाहुण्याला पाट द्यावा, घर नावावर करू नये.

शहादेकर

ओनील बेल कसा राहिला? १९८८ मध्ये होलिफिल्डने आणि २०१८ मध्ये उसिकने सगळे पट्टे एकत्र केले, आणि मधे २००६ मध्ये जमैकाच्या बेलने डब्ल्यूबीओ या चौथ्या संघटनेचा सोडून बाकी तिन्ही. ७ जानेवारीला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने फ्रान्सच्या मोरमेकला दहाव्या राऊंडला झोपवलं. पुढच्या वर्षी मोरमेकने फ्रान्समध्ये परतफेड केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पॅरिसजवळ डेव्हिड हे आला, मोरमेकला सातव्या राऊंडला थांबवलं आणि चार महिन्यांत मॅकारिनेलीला दोन राऊंडमध्ये उडवलं. हे तिघे एकाच धाग्यात ओवलेले आहेत. भिंतीवर शेजारी शेजारी काढले तर गोष्ट आपोआप सांगता येईल.

बेल २०१५ मध्ये अटलांटात लुटारूंच्या गोळीने गेला. त्याचं नाव आज फारसं कोणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

सातपुडा_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल कावी-होलिफिल्ड लढत मोबाइलवरून पडद्यावर लावून पोरांना दाखवली. पंधराव्या राऊंडला शेडमध्ये कोणी बोलत नव्हतं.

टोनीला काढलं, बेलला घेतलं. पण मुलाच्या प्रश्नाचं काय? यादीतले जवळजवळ सगळेच शेवटी वर गेल्यासारखे दिसतात.

भुसावळ_लोको

गेले ते पैशासाठी, हे त्याला सरळ सांगा. हेवीवेटच्या एका लढतीत जे मिळतं ते इथे अनेक लढतींत मिळत नाही. पण वर जाऊन काय झालं तेही सांगा. आदामेक वर गेला आणि हेवीवेटच्या व्हिताली क्लिच्कोकडून हरला. क्युबाचा गोमेझ त्याच्याचकडून. मोरमेक व्हितालीचा भाऊ व्लादिमीर याच्याकडून. डेव्हिड हे याने पट्टा मिळवला, पण तोही व्लादिमीरकडे गेला. स्टीव्ह कनिंगहॅमने टायसन फ्युरीला दुसऱ्या राऊंडला खाली बसवलं, तरी शेवटी फ्युरीच्या भाराखाली संपला. तुमच्या मुलाला हौदात जे झालं तेच. वर जाऊन शिखर गाठणारे खरे दोनच, होलिफिल्ड आणि उसिक. अपवाद पाहून गटाला वाटेतला थांबा म्हणता येत नाही.

त्याला जॉनी नेल्सनची गोष्ट सांगा. शेफील्डचा, ब्रेंडन इंगलच्या हॉलमधला. पहिल्या तीनही व्यावसायिक लढती हरला. १९९० मध्ये घरच्या गावी दे लिओनविरुद्ध जगज्जेतेपदाची संधी आली, तर ती लढत इतकी थंड झाली की लोकांनी हुर्यो केली. नऊ वर्षांनी, वयाच्या बत्तिशीत, कार्ल थॉम्प्सनला हरवून पट्टा घेतला आणि तो तेरा वेळा राखला. नंतर हुकने तेराचा आकडा गाठला. नेल्सनने ज्यांना हरवलं ती नावं उसिकच्या यादीएवढी भारी नाहीत, म्हणून मी त्याला पहिल्या तिघांत धरत नाही. पण सहाव्याच्या खालीही जाऊ देणार नाही. मिळवलेला पट्टा कधीही न हरता निवृत्त झाला.

तालमीतला_भाऊ

आणि जाय ओपेटाया. ऑस्ट्रेलियाचा. जुलै २०२२ मध्ये ब्रिएदिसशी लढताना जबडा दोन्ही बाजूंनी मोडला, तरी बारा राऊंड उभा राहून जिंकला. २०२४ मध्ये त्यालाच परत हरवलं. अजून खेळतोय म्हणून यादीत घेऊ नका, पण पोराला हा माणूस दाखवा.

शहादेकर

दे लिओनलाही विसरू नका. पोर्तो रिकोचा हा गडी डब्ल्यूबीसीचा पट्टा चार वेळा जिंकला. हरायचा आणि परत येऊन घ्यायचा. आयुष्याची चांगली वर्षं त्याने याच गटात घातली.

सातपुडा_पायथा

ठरलं. पेंटरला आज कागद दिला.

पहिला उसिक. मी स्वतः होलिफिल्डचा माणूस आहे, पण परक्या मातीचा मुद्दा डोक्यातून जाईना. दुसरा होलिफिल्ड. तिसरा कावी, ताईंच्या सांगण्यावरून. चौथा डेव्हिड हे, पाचवा मोरमेक, सहावा नेल्सन, सातवा दे लिओन, आठवा बेल. नववा हुआन कार्लोस गोमेझ, कारण क्युबातून जर्मनीत येऊन त्याने डब्ल्यूबीसीचा पट्टा दहा वेळा राखला. दहाव्या जागी हुक की ब्रिएदिस यावर हॉलमध्ये मतदान घेतलं. ब्रिएदिस आला. उसिकला सगळ्यात जवळ तोच पोचला होता, असं त्या ८८ किलोवाल्याने उभं राहून सांगितलं. कोपऱ्यात संजीत.

शहादेकर, मोरमेक, बेल आणि डेव्हिड हे यांना शेजारी काढायचं पेंटरने कबूल केलं. त्यामुळे भिंतीवर ओळ क्रमाची राहणार नाही, क्रमांक नावाखाली छोटे येतील.

आता शेवटची मदत. नावं मराठीत लिहायची आहेत. 'डेव्हिड हे' असं लिहिलं की लहान पोरं पुढचा शब्द शोधत बसतात, म्हणून 'हेय' लिहावं का? आणि कावीचा १९८६ च्या सुमाराचा समोरून स्पष्ट दिसणारा फोटो कोणाकडे असेल तर इथे टाका. मला सापडलेल्या फोटोंत ग्लोव्हजनी चेहरा झाकलेला आहे आणि पेंटर म्हणतो, डोळे दिसल्याशिवाय काढणार नाही.

धुळेकर_ताई

'हेय' लिहा. कावीचा फोटो एका जुन्या मासिकात आहे, आज रात्री स्कॅन करून टाकते.