शाफ्ट परत तुटला, मायनरच्या हिशोबाने तुटायला नको होता (मदत हवी आहे)

चक्रीभार: लोड सारखा कमीजास्त होतो म्हणून एस-एन कर्व्ह (किती स्ट्रेसला किती सायकल, म्हणजे लोडचे चढउतार, टिकतं त्याचा आलेख) घेऊन मायनरने (प्रत्येक लोडने आयुष्याचा किती भाग खाल्ला त्याची बेरीज, १ झाली की तुटणार) बेरीज केली, ०.४ आली, तरी शाफ्ट तुटलाच. १ च्या आधी कसा तुटेल? लवकर सांगा, नवीन टाकायचाय.

लेथवाला: कुठे तुटला, मटेरियल काय, आरपीएम किती? तुटलेल्या भागाचा फोटो टाका.

गंजकाखिळा: ग्रीस वेळेवर मारत जा, निम्मे प्रॉब्लेम तिथेच संपतात.

चक्रीभार: ग्रीसचा काय संबंध, बेअरिंग ठणठणीत आहे. ईएन८ स्टील, १४४० आरपीएम, बेअरिंग बसतं तिथल्या स्टेपवर (जिथे शाफ्टची जाडी बदलते) तुटला.

कडकपोलाद: ईएन२४ स्टील हार्डन करून टाका, आमच्याकडे त्यानंतर एकही तुटला नाही.

लेथवाला: कडक मटेरियल खाचेला जास्त सेन्सिटिव्ह असतं, कोपरा धारदारच राहिला तर बराचसा फायदा वाया. आधी स्टेपच्या कोपऱ्याचा रेडियस (गोलाई) सांगा.

सायकलमोजा: मूळ प्रश्न राहिला बाजूला. एन्ड्युरन्स लिमिटच्या (ज्या स्ट्रेसखाली एरवी तुटत नाही ती मर्यादा) खालच्या सायकल धरल्या का?

चक्रीभार: त्या कशाला धरायच्या? त्याखाली आयुष्य अनंत.

सायकलमोजा: ते लोड एकसारखा असेल तेव्हा. तुमच्याकडे मधेच मोठे झटके आहेत, त्यांनी एकदा बारीक क्रॅक पडला की एरवी काही न करणाऱ्या छोट्या सायकलच तो पुढे सरकवत नेतात, आणि शाफ्टला वाक असेल तर दर फेऱ्याला एक सायकल, म्हणजे १४४० ला १० लाख सायकल साडेअकरा तासांत होतात! कर्व्ह लिमिटपाशी आडवा करू नका, उतार तसाच खाली वाढवून परत बेरीज करा. शिवाय मायनर लोडचा क्रम बघत नाही, मोठे आधी आणि छोटे नंतर आले तर १ च्या बरंच आधी तुटू शकतं.

कडकपोलाद: उलट मोठ्या झटक्यानंतर क्रॅक मंदावतो, टोकाशी दाबाचा स्ट्रेस राहतो ना.

सायकलमोजा: ओढीच्या झटक्यानंतर मंदावतो, खरंय. पण फिरत्या शाफ्टवर ओढीमागोमाग दाब येतोच, त्याने तो फायदा कमी होतो. त्या भरवशावर डिझाइन करू नका.

गंजकाखिळा: १९५४ ची कॉमेट विमानं फटीगनेच (लोड पुन्हा पुन्हा येऊन क्रॅक पडूनच) हवेत फुटली होती, प्रत्येक उड्डाणात केबिनच्या प्रेशरची एक सायकल.

लेथवाला: विमान राहू दे, रेडियस?

चक्रीभार: ड्रॉइंगमध्ये दिलेलाच नाही. वाढवला तर बेअरिंग खांद्याला (स्टेपच्या उभ्या बाजूला) टेकणार नाही.

लेथवाला: मग मोठा रेडियस ठेवा आणि बेअरिंग आणि खांद्याच्या मधे स्पेसर रिंग घाला, नाहीतर खांद्यात गोल अंडरकट (आत कोरलेली खाच) घ्या. वरून पॉलिश करा, टूलमार्क राहिला तर क्रॅक तिथूनच सुरू होईल.