चालत्याफिरत्या माणसांचं स्केच कसं जमवायचं? (गोदाघाट, बाजार, बस, ट्रेन)

सातपूरकर

नमस्कार मंडळी, मी नाशिकचा, गेल्या दिवाळीपासून खिशात मावेल एवढी स्केचबुक घेऊन फिरतोय आणि आता एका ठिकाणी अडलोय म्हणून विचारतो. देवळं, वाडे, झाडं बऱ्यापैकी येतात. नारोशंकराचं देऊळ पलीकडच्या काठावरून काढलं तर ओळखू येतं. पण मला खरी ओढ माणसांची आहे. सकाळी कामावर जाताना सिटीलिंकच्या शहर बसमध्ये समोर बसलेले लोक, सीबीएसवर (मुख्य बसस्थानकावर) गाडीची वाट बघणारे, बुधवारच्या बाजारातल्या भाजीवाल्या मावश्या, रामकुंडावर बाहेरगावहून आलेली कुटुंबं, हे सगळं बघून हात शिवशिवतात आणि पेन टेकवलं की समोरचा उठतो, नाहीतर मान फिरवतो, नाहीतर हा माझ्याकडे का बघतोय म्हणून रोखून बघायला लागतो. मग तिथेच सोडावं लागतं.

दुसरं म्हणजे गर्दी काढली की माणसं जमिनीवर उभी वाटतच नाहीत, काही हवेत तर काही खड्ड्यात. एक मित्र म्हणतो मोबाइलवर फोटो घे आणि घरी निवांत काढ, पण तसं काढलेलं मला निर्जीव वाटतं. आणि न विचारता कुणाचं चित्र काढणं बरोबर आहे का हे पण मनात येतंच. मे महिन्यात त्र्यंबकेश्वर आणि नंतर वेरूळ असं फिरायचं ठरलंय, त्याआधी जरा हात बसावा असं वाटतं. तुम्ही लोक कसं करता?

घाटावरची_ताई

बुधवारच्या बाजारापासूनच सुरू करा, त्याच्यासारखी शाळा नाही. कामात असलेला माणूस निवडायचा. भाजीवाली बाई बघा, हात तागडीकडे जातो, मग ढिगाकडे, मग गिऱ्हाइकाच्या पिशवीत, पैसे घेतले की पोत्याखाली, आणि परत तागडीकडे. दिवसभर त्याच चार-पाच पोझ फिरून फिरून येतात. मी एकाच पानावर तीन-चार छोटी चित्रं एकदम सुरू करते, ती वाकली की वाकलेल्या चित्रात दोन रेषा घालायच्या, बसली की बसलेल्यात. ती हललीये म्हणून थांबायची वेळच येत नाही. चहावाला, इस्त्रीवाला, गजरे करणारी बाई, भांडी बाजारात घासून-पुसून भांडी रचणारा माणूस, सगळ्यांना हेच लागू.

आणि चेहऱ्यापासून सुरुवात करू नका हो. आधी डोकं आणि खांद्यांची रेष, मग पाठीचा बाक, मग वजन कुठल्या पायावर आहे ते. एवढं अर्ध्या मिनिटात होतं आणि एवढ्यात माणूस उभा राहतो. उरलेलं ओळखीचं सामान, म्हणजे डोक्यावरचा पदर, टोपी, हातातली पिशवी, कमरेवरचं पोर. अंगठ्याएवढ्या आकृतीला नाक-डोळे लागतच नाहीत. समोरचा निघून गेला तर त्याच जागी दुसरा कुणीतरी तसाच उभा राहतो, पाय त्याचे घ्यायचे. रांगेत तर हे हमखास होतं.

विचारायचं का, तर माझं असं आहे. गर्दीतली छोटी माणसं असतील तर विचारत नाही. एकच माणूस पानभर येणार असेल आणि ओळखू येणार असेल तर विचारते, पण आधी भाजी घेते, दोन शब्द बोलते. थेट जाऊन "मावशी तुमचं चित्र काढू का" म्हटलं की त्या पदर सारखा करून ताठ बसतात आणि काम थांबतं, ज्यासाठी आपण आलो तेच जातं. ओळख झाली की त्या विसरून जातात. काढून झाल्यावर दाखवायचं, नेहमी. कुणी नको म्हटलं तर पान उलटायचं, वाद घालायचा नाही.

रामकुंडाबद्दल मात्र एक गोष्ट कळकळीने सांगते. तिथे लोक अस्थी घेऊन येतात, दशक्रिया चालू असते, नुकतं डोकं भादरलेली मुलं बसलेली असतात. दृश्य म्हणून ते कितीही ओढून घेणारं असलं तरी त्या माणसांकडे टक लावून बघत बसणं मला पटत नाही. त्या वेळी मी पाठ फिरवून दुतोंड्या मारुती काढते, पायऱ्या काढते, पलीकडे कपडे धुणाऱ्या बायका काढते. दुःखात असलेल्या माणसाला तुम्ही चित्र काढताय की व्हिडिओ करताय यातला फरक कळणार नाही, आणि त्याने तो का समजून घ्यावा?

मुली वाचत असतील तर त्यांच्यासाठी, सकाळी सात ते दहा घाटावर चांगलं असतं, पाठीला भिंत घेऊन बसा म्हणजे मागून डोकावणारे कमी होतात, आणि एखाद्या फुलवाल्या मावशींच्या शेजारी बसलं की त्याच येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात, चित्र काढू द्या तिला.

निवृत्त_ड्रॉइंग_टीचर

ताईंनी पोझबद्दल उत्तम सांगितलं. मी हवेतल्या माणसांकडे येतो, कारण वर्गात मुलांचं सगळ्यात जास्त इथेच अडायचं.

तुमच्या नजरेची पातळी म्हणजे क्षितिजरेषा. तुम्ही सपाट जागेवर उभे असाल आणि समोरची माणसंही त्याच सपाटीवर उभी असतील, तर जवळचा असो की लांबचा, साधारण तुमच्या उंचीच्या प्रत्येकाचे डोळे त्या एकाच रेषेवर येतात. लांबच्याचे पाय फक्त वर सरकतात. लहान मुलांची डोकी रेषेच्या खाली. आता तुम्ही खाली बसलात तर रेषा खाली येते, मग ती जवळच्याच्या कमरेतून जात असेल तर लांबच्याच्याही कमरेतूनच गेली पाहिजे. पान उघडल्यावर आधी ही एक रेषा फिकट मारा आणि माणसं तिच्यावर अडकवत जा. सीबीएसच्या फलाटावर करून बघ, सपाट जागा आहे, लगेच पटेल. (वयाने लहान असाल म्हणून अरेतुरे केलं, राग नसावा.) घाटावर मात्र पायऱ्या आहेत, तिथे माणूस जेवढ्या पायऱ्या खाली तेवढा तो रेषेच्या खाली जातो, आणि अजून एक, नजरेच्या खाली असलेल्या पायऱ्यांची वरची सपाटी दिसते, नजरेच्या वर असलेल्या पायऱ्यांची दिसत नाही, नुसती उभी बाजू दिसते. हे चुकलं की अख्खा घाट भिंतीसारखा होतो.

दुसरं, स्मरणचित्र. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना हा पेपर आपण सगळ्यांनी दिला, बाजार, बसस्टॉप, सण असे विषय यायचे, आणि बहुतेक मुलं एक ठरलेलं चित्र पाठ करून जायची. खरं तर प्रवासात माणसं काढायला लागतं ते हेच. समोरच्याकडे वही बाजूला ठेवून नीट बघायचं, वाकलेली पाठ, कोपराचा कोन, मान किती पुढे आलीये. मग वहीत बघून एका दमात उतरवायचं, परत वर बघायचं नाही. सुरुवातीला फार थोडं राहतं डोक्यात, पण रोज केलं तर डोळा पकडायला शिकतो. बसमधून उतरलेल्या माणसाचं चित्र दोन स्टॉपनंतर पूर्ण करता आलं पाहिजे.

बघायचे कुणाला तर चित्रकार रावबहादुर धुरंधर. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी मुंबईच्या माणसांची पोस्टकार्डं केली, पेहराव, चाल, हातातली वस्तू यावरून कोण काय करतो ते कळतं. आणि गावातलंच सांगायचं तर शिवाजी तुपे यांची गोदाघाटाची जलरंगातली चित्रं कुठे बघायला मिळाली तर जवळून बघा, घाटावरची माणसं दोन-तीन फटकाऱ्यांत कशी उभी केलीत ते.

पंचवटीचा_पासधारक

मी ट्रेनवाला. पंचवटी एक्स्प्रेसचा पास आहे, नाशिकरोड ते मुंबई, त्यामुळे माझं सगळं स्केचिंग डब्यातच होतं. सातपूरकर भाऊ, तुम्हाला ट्रेन खूप सोपी जाईल कारण पासवाल्यांच्या डब्यात रोज तीच माणसं, बऱ्याचदा त्याच सीटवर. आज कान आणि केस, उद्या हात, परवा पेपर धरायची पद्धत, असं हप्त्याहप्त्याने चित्र पूर्ण होतं आणि त्यांनाही आता सवय झालीये, माझं कधी काढणार म्हणून विचारतात. झोपलेली माणसं तर सगळ्यात भारी, आणि मोबाइल बघणारी, मान खाली, दोन्ही कोपरं अंगाला चिकटलेली, वीस-वीस मिनिटं हलत नाहीत. बसमध्ये पण हेच करा, मागच्या सीटवर बसून पुढच्यांच्या मानेपासून सुरू करा, कुणी तुमच्याकडे बघत नाही. नुसत्या मानांवरून माणूस ओळखता येतो, खरंच.

गाडी हलते त्याचं काय तर मनगट वहीवर टेकवायचं नाही, वही मांडीवर न ठेवता छातीशी धरायची आणि हात खांद्यातून चालवायचा, म्हणजे धक्का बसला तरी वही आणि हात सोबत हलतात. इगतपुरीला गाडी थांबते तेव्हा बारीक काम उरकून घ्या. कसारा घाटात खिडकीबाहेर डोंगर काढायचा मोह होतो पण बोगदे येतात, सारखा अंधार-उजेड, तेव्हा डब्यातलीच माणसं बरी.

सातपूरकर

टीचर सर, अरेतुरेच करा, बरं वाटलं. क्षितिजरेषेचं आजच सीबीएसवर करून बघितलं, रेषा मारली आणि माणसं खरंच जमिनीवर आली, एवढं साधं होतं आणि कुणी सांगितलंच नव्हतं. ताई, रामकुंडाचं तुमचं म्हणणं पूर्ण पटलं, मी यापुढे तसंच करेन. अजून एक विचारायचं होतं, पेनावर पाण्याचा ब्रश फिरवला की शाई पसरते आणि पावसाळ्यात तर कागदच लोळागोळा होतो, तुम्ही नक्की काय वापरता?

क्लिक_आणि_रेघ

मी जरा वेगळं बोलणार आहे. फोटोला एवढं नाकारू नका. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीत (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदात) उड्या पडतात तेव्हा तिथे वही उघडून दाखवा, भिजून जाल. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या पर्वणीला पोलीस उभंही राहू देत नाहीत एका जागी. अशा वेळी फोटो घेऊन घरी काढण्यात काय वाईट आहे? चित्र चांगलं झाल्याशी मतलब.

घाटावरची_ताई

रहाडीचं मान्य, तिथे वही नाहीच चालणार. पण नेहमीची सवय म्हणून फोटो मला नको वाटतो आणि त्याचं कारण चांगलं-वाईट चित्र हे नाहीये. फोटोत सगळं सारख्याच महत्त्वाने येतं, मागचं होर्डिंगही आणि मावशींचा हातही. जागेवर बसलं की आपल्याला निवडावं लागतं, वेळ कमी असतो म्हणून जे मनाला लागलं तेच कागदावर येतं. शिवाय अर्धा तास एखाद्याच्या जवळ बसल्यावर तो बोलतो, कुठून माल आणला, पोरगी कितवीला आहे, ते सगळं त्या रेषेत उतरतं असं मला मनापासून वाटतं. २००७ मध्ये सिएटलच्या एका वृत्तपत्रात काम करणाऱ्या गॅब्रिएल कॅम्पानारिओने अर्बन स्केचर्स सुरू केलं, आता जगभर त्याचे गट आहेत, त्यांच्या जाहीरनाम्यात पहिलंच आहे की आम्ही जागेवर, समोर बघून काढतो. आणि वेरूळला जाताय म्हणून सांगते, १७९० च्या दशकात पुण्याच्या गंगाराम तांबट यांनी पेशवे दरबारातल्या इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी वेरूळची लेणी प्रत्यक्ष बघून काढली, पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातला गेंडाही काढला. फोटोचा तर प्रश्नच नव्हता. त्या लेण्यांसमोर वही उघडाल तेव्हा हे माहीत असलेलं बरं.

क्लिक_आणि_रेघ

निवडावं लागतं हा मुद्दा पटला. फोटो मी सोडणार नाही पण पुढच्या बुधवारी कॅमेरा घरी ठेवून बाजारात येऊन बघतो.

पंचवटीचा_पासधारक

शाईचं सांगतो. साध्या फाउंटन पेनची शाई बहुतेक वेळा पाण्यात विरघळणारी असते, काही जेल पेनांचीही, म्हणून पसरते. मायक्रॉन पेन घ्या, ०१ आणि ०५ असे दोन नंबर पुरतात, ती पिगमेंट शाई आहे, सुकल्यावर पाण्याने हलत नाही. युनिबॉल आय पण चालतो आणि सहज मिळतो. साधा बॉलपेन सुद्धा पसरत नाही, त्याची शाई तेलकट असते, आणि दाबून-हलक्या हाताने फिकट-गडद छान करता येतं, मी निम्मं काम बॉलपेननेच करतो. उलट कधी मुद्दाम विरघळणारी शाई वापरा, माणूस काढला की सावलीच्या बाजूने ओला ब्रश फिरवायचा, रंग न काढता तयार छटा मिळते. काळारामाच्या काळ्या दगडाला हे फार शोभतं, फक्त सगळं काळं करू नका, डोळे बारीक करून बघा, उन्हाच्या बाजूचा दगड जवळजवळ पांढरा दिसतो, तो कागद तसाच सोडा.

कागद १५० जीएसएमच्या (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) खाली नको, पाणी जास्त वापरणार असाल तर २०० ते ३००. पावसाळ्यात हवेतच ओल असते, सुकायला वेळ लागतो, म्हणून पान लगेच मिटू नका, दोन क्लिप लावून उघडं ठेवा, आणि जास्त पाऊस असेल तर सरळ ६बी म्हणजे मऊ, गडद पेन्सिल आणि बॉलपेन. पिशवीत एक प्लॅस्टिकची फाइल ठेवा, बसायलाही होते.

निवृत्त_ड्रॉइंग_टीचर

प्रत्येक पानावर तारीख, वेळ आणि जागा लिहायची सवय लाव, जमलं तर भाजीचा भाव पण. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाटाच्या आसपास कामं चालू आहेत, जुने वाडेही एकेक करून पडतायत. सराफ बाजार, भद्रकाली, पंचवटीतल्या गल्ल्या, जिथे लाकडी खांब आणि ओसरी अजून उभी आहे तिथे आत्ताच जाऊन बस, आणि नुसता वाडा काढू नकोस, ओसरीवर बसलेल्या माणसांसकट काढ. रविवारी सकाळी मी सरकारवाड्याच्या आसपास असतो, वही घेऊन ये, पानं बघू.