ट्रेलरवर मोटरसायकल बांधताना पुढचे शॉकअप किती दाबावेत?

प्रश्न
सुमारे १८० किलो वजनाची मोटरसायकल उघड्या ट्रेलरवरून लांबच्या प्रवासाला न्यायची आहे. माझ्याकडे रॅचेटचे (दांडा मागेपुढे करून ताणता येणारे) चार पट्टे आहेत, पण पुढचे चाक धरून ठेवणारा चॉक नाही. पट्टे जास्त ताणल्यास शॉकअपची ऑइल सील खराब होतात, असे काही जण सांगतात, तर सैल ठेवल्यास गाडी आडवी होईल, असे इतरांचे म्हणणे आहे. गाडी साइड स्टँडवर ठेवूनच बांधावी का?

उत्तर १
साइड स्टँडवर मुळीच बांधू नका. गाडी कललेली असताना पट्टे ताणले की सगळा भार स्टँडवर आणि तो फ्रेमला जिथे जोडलेला असतो त्या जागेवर येतो. गाडी सरळ उभी करा, पुढचे चाक ट्रेलरच्या पुढच्या कठड्याला टेकवा आणि पट्टे ताणून झाल्यावर स्टँड वर घ्या. पुढचे पट्टे हँडलच्या टोकांना नव्हे, तर दोन्ही फोर्कना (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना) एकत्र धरणाऱ्या खालच्या क्लॅम्पला मऊ फास घालून बांधावेत आणि ते पुढे, खाली व बाहेरच्या दिशेने साधारण ४५ अंशांत जावेत. ताणण्यापूर्वी ब्रेकचा पाइप किंवा वायर पट्ट्याखाली चिरडत नाही ना, हे बोट फिरवून पाहा.

शॉकअप एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबले की पुरे. पूर्ण दाबल्यास सीलवर ताण येतोच, पण त्याहून गंभीर म्हणजे स्प्रिंगला हालचाल उरत नाही आणि प्रत्येक खड्ड्याचा धक्का थेट पट्ट्यांवर व फ्रेमवर बसतो.

उत्तर २
वरील मताशी सहमत आहे. मात्र लांबच्या प्रवासासाठी चॉक घ्याच, असा माझा आग्रह राहील. चॉक नसेल आणि एका बाजूचा पट्टा थोडा जरी सैल पडला, तर हँडल दुसऱ्या बाजूला वळते आणि गाडी कलते. डावा व उजवा पट्टा आळीपाळीने, थोडा थोडा ताणावा. उघड्या हूकपेक्षा तोंड बंद होणारे, खटका असलेले हूक बरे, कारण शॉकअप दबल्यावर पट्टा क्षणभर ढिला होतो आणि उघडा हूक निसटू शकतो. मागचे पट्टे गरम सायलेन्सरपासून दूर ठेवा.

उत्तर ३
गाडी ट्रेलरच्या मध्यरेषेवर ठेवा. वजन एक्सलच्या मागे गेले, तर वेगात ट्रेलर डोलू लागतो. पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून चारही पट्टे हाताने तपासावेत, कारण सुरुवातीच्या धक्क्यांत गाडी जागेवर बसते आणि पट्टे सैल पडतात. उतरवताना आधी स्टँड लावा आणि पुढचा पट्टा सोडण्यापूर्वी दुसऱ्या माणसाला गाडी धरायला सांगा, कारण दबलेले शॉकअप एकदम वर येतात.